दडपणाखालची हालचाल

उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक बंदी यादीत एक औषधवर्ग असा आहे, की त्याने ना स्नायू वाढतात, ना दम, ना धावण्याचा वेग. धावपटूने ती औषधे घेतली तर त्याचे नुकसानच होईल, कारण ती हृदयाची गती खाली ठेवतात. बीटा ब्लॉकर या नावाने ओळखली जाणारी ही औषधे डॉक्टर रक्तदाबासाठी आणि हृदयविकारासाठी सर्रास लिहून देतात. नेमबाजी, तिरंदाजी, गोल्फ, डार्ट्स, बिलियर्ड्स अशा निवडक खेळांत मात्र त्यांना मनाई आहे. नेमबाजी आणि तिरंदाजीत तर स्पर्धा नसतानाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू याची एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदके काढून घेतली गेली, ती याच वर्गातले प्रोप्रानोलॉल त्याच्या नमुन्यात सापडल्यामुळे. ताणाच्या क्षणी अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय धडधडू लागते आणि प्रत्येक हाताला मुळातच असलेला सूक्ष्म कंप वाढतो. औषध हा परिणाम अडवते. १० मीटरवरच्या ११.५ मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळात गोळी बसवायची असेल, तर तेवढ्याने पदक इकडचे तिकडे होऊ शकते. बंदीचे कारण एवढेच आहे, पण त्यात एक मोठी कबुली दडलेली आहे. ताण शरीरात उतरतो, आणि औषधाने अडवता येईल इतक्या ठोसपणे उतरतो, हे खेळाच्या नियामकांनी कधीच मान्य करून टाकले आहे.

आपल्या बोलण्यात मात्र ही कबुली अजून आलेली नाही. खेळाडू ऐनवेळी चुकला की तो मनाने कमजोर ठरतो. त्याच्याविषयी सहानुभूती असेल तर त्याला मानसिक आधार हवा, असे आपण म्हणतो. या दोन्ही प्रतिक्रियांमागचे गृहीत एकच आहे: बिघाड मनात झाला, शरीर जागच्या जागी शाबूत होते. या प्रस्तावनेत मला या गृहीताविरुद्ध युक्तिवाद करायचा आहे. ताण आधी मनात भरतो आणि मग केव्हातरी शरीरावर सांडतो, असे घडत नाही. नजर कुठे टिकते, कोणता स्नायू केव्हा सैल होतो, सांधे किती मोकळे राहतात, दुखावलेली पेशी किती दिवसांत भरते, या सगळ्यांत होणारा बदल म्हणजेच खेळाडूचा ताण. तो हालचालीत दिसतो, मोजता येतो आणि म्हणूनच सरावाच्या आराखड्यात त्याला जागा असायला हवी. समुपदेशकाच्या खोलीत तो जरूर न्यावा, पण तो तिथे नेऊन सोडून देण्याचा विषय नाही.

आधी कुशल हालचाल म्हणजे काय ते पाहू. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी पोहोचतो. तेवढ्या अवधीत पाहणे, ठरवणे, पाय हलवणे आणि बॅट खाली आणणे ही कामे एकामागून एक करायला वेळच नसतो. म्हणून मेंदू अंदाजावर चालतो: गोलंदाजाच्या धावेतून, मनगटातून पुढचे ओळखतो आणि अनेक सांध्यांची मिळून एकच सलग क्रिया सोडतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत निष्णात लोहारांच्या हातोड्याच्या घावांची छायाचित्रे घेऊन अभ्यास केला. घाव दरवेळी ठरल्या जागी पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडे वेगळे होते. कौशल्य एकच हालचाल घोटून पाठ करण्यात नसते. सांधे एकमेकांची चूक सावरून घेतात, त्या मोकळेपणात ते असते. नवशिक्या याच्या उलट करतो. इतके सांधे एकाच वेळी सांभाळता येत नाहीत म्हणून तो त्यातले बरेच आवळून धरतो. दडपणाखाली कसलेल्या खेळाडूची हालचाल पुन्हा या नवशिक्या अवस्थेकडे सरकते. एकमेकांविरुद्ध काम करणारे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, सांधा ताठर होतो, आणि चूक सावरणारी ढील निघून जाते.

याचा स्वच्छ पुरावा नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात मिळतो. पायपर्स, आऊडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चढाईच्या कृत्रिम भिंतीवर हुबेहूब सारखे दोन मार्ग बसवले, एक जमिनीलगत आणि दुसरा बराच वर. पकडी त्याच, अंतरे तीच, शारीरिक श्रमही तेवढेच. फरक फक्त उंचीच्या भीतीचा. वरच्या मार्गावर नवख्या चढणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, ते पकडी जास्त वेळ धरून राहिले, हालचाल तुटक झाली आणि चढायला वेळही अधिक लागला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या प्रयोगांत दिसले, की उंचावर आपला हात कुठवर पोहोचेल याचा लोकांचा अंदाजही आखडला जातो. हात तेवढाच लांब असतो, पण त्या शरीराला शक्य वाटणाऱ्या हालचालींचे वर्तुळ लहान होते. यात मन कुठे संपले आणि शरीर कुठे सुरू झाले, हे दाखवता येत नाही.

नजरेचेही असेच आहे. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी १९९० च्या दशकात बास्केटबॉलच्या फ्री थ्रोचा अभ्यास करताना दाखवले, की पटाईत खेळाडू चेंडू सोडण्याआधी रिंगवर एका ठिकाणी नजर शांतपणे रोखतात आणि ती तिथे जितकी स्थिर, तितका नेम पक्का. चिंता वाढवली की हा कालावधी आक्रसतो, नजर इकडेतिकडे उडू लागते आणि नेम चुकतो, हे मार्क विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर इंग्लंडमध्ये तपासले. फुटबॉलच्या पेनल्टीत त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. चिंतेत असलेला खेळाडू गोलरक्षकाकडे अधिक लवकर आणि अधिक वेळ पाहतो. पाय नजरेच्या मागे जातो, म्हणून चेंडूही गोलरक्षकाच्या आवाक्यात जातो. ज्याला टाळायचे त्याच्यावरच डोळे खिळतात आणि शरीर तिकडेच वळते. नॉर्वेचे गाइर योर्डेट यांनी विश्वचषक, युरो आणि चॅम्पियन्स लीग यांतले पेनल्टी शूटआउट तपासले, तेव्हा गोल झाल्यास सामना जिंकला जाईल अशा फटक्यांपैकी दहातले साधारण नऊ जाळ्यात गेले होते. चुकल्यास सामना हातचा जाईल अशा फटक्यांत हे प्रमाण दहात सहाच्या आसपास होते. मारायचे अंतर दोन्हीकडे ११ मीटरच. जीव टांगणीला लागलेले खेळाडू गोलरक्षकाकडे पाठ फिरवत, पंचाची शिट्टी होताच घाईघाईने धाव घेत. पळ काढण्याची ही घाई मोजपट्टीवर आणि घड्याळात सापडते.

तिसरा बदल लक्षाच्या दिशेचा. आयुष्य पणाला लागल्यासारखे वाटले की खेळाडू जपून खेळू लागतो, म्हणजे स्वतःच्याच हातापायांवर पहारा ठेवू लागतो. शायन बाइलॉक आणि थॉमस कार यांनी २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत केलेल्या प्रयोगांपैकी एक इथे फार बोलका आहे. सरावलेल्या फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू नेताना पायाच्या कोणत्या बाजूने स्पर्श होतो याकडे लक्ष द्यायला सांगितले, तेव्हा त्यांचा उजवा पाय मंदावला. तेच लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवले तेव्हा तो बिघडला नाही. त्याच खेळाडूंच्या कच्च्या डाव्या पायाला मात्र पायावर लक्ष देण्याचा फायदाच झाला. जो पाय शिकून पक्का झाला आहे त्याला देखरेख मारक ठरते आणि जो अजून शिकतो आहे त्याला ती हवी असते. क्रिकेटमध्ये याचे टोकाचे उदाहरण २००१ मध्ये लॉर्ड्सवर दिसले. सी अँड जी करंडकाच्या अंतिम सामन्यात लेस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलला एक षटक पुरे करायला १४ चेंडू लागले. हजारो वेळा केलेली क्रिया हातातून निसटली आणि ती जाणीवपूर्वक जुळवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर आणखी निसटत गेली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचे जे झाले त्यात धोका याहून मोठा होता. व्हॉल्टवर हवेत अडीच गिरक्या ठरल्या होत्या, तिच्याकडून दीडच झाली; आपले शरीर हवेत कुठे आहे याचे भान सुटले होते. जमिनीपासून काही मीटर उंचीवर उलटे असताना ते भान सुटणे म्हणजे मानेशी खेळ. अशा वेळी थांबणे हा धीराचा किंवा भित्रेपणाचा प्रश्न उरत नाही. फिरकी गोलंदाजाचे बोट सुजले असताना त्याने थांबावे, तितकाच तो शारीरिक निर्णय असतो.

इथवरचे परिणाम सेकंदांतले होते. आठवड्यांनी आणि महिन्यांनी मोजायचा ताण वेगळ्या वाटेने येतो आणि त्याची चर्चा कमी होते, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबायला हवे. घरची ओढाताण, परीक्षा, निवडीची टांगती तलवार, दुखापतीनंतरची अनिश्चितता अशा गोष्टींनी झोप तुटते, स्नायू पूर्ण सैल होत नाहीत आणि नजरेचा परीघ आकसतो. १९८८ मध्ये जीन विल्यम्स आणि मार्क अँडरसन यांनी ताण व दुखापत यांचा दुवा मांडला, त्यात हेच दोन धागे मध्यवर्ती होते: आवळलेले स्नायू आणि अरुंद झालेले लक्ष. बाजूने धावत येणारा प्रतिस्पर्धी क्षणभर उशिरा दिसतो, गुडघा ताठर असतो, आणि एरवी निभावली असती ती धडक अस्थिबंध तोडून जाते. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या अभ्यासात परीक्षांच्या आठवड्यांत दुखापती वाढलेल्या आढळल्या. भरून येण्याचा वेगही मंदावतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर सुट्टीत एकदा आणि परीक्षेच्या तोंडावर एकदा सारखीच बारीक जखम केली गेली. परीक्षेच्या वेळी ती भरायला सरासरी ४० टक्के अधिक वेळ लागला. विद्यार्थी थोडे होते हे खरे, पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती. टेक्सासमधल्या प्रयोगांत पायांचा थकवणारा व्यायाम केल्यावर ज्यांच्या जगण्यात ताण अधिक होता, त्यांची ताकद पुढच्या दिवसांत हळू परत आली. प्रशिक्षकाच्या वहीत दोघांचाही व्यायाम सारखाच लिहिला जातो, पण दोन शरीरांवर पडलेले ओझे सारखे नसते.

महाराष्ट्रात हा मुद्दा दूरचा नाही. राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या मैदानावरून आलेल्या मुलामुलींसाठी एखादे राज्यस्तरीय पदक म्हणजे घराचा आधार असू शकतो. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १६०० किंवा ८०० मीटरची धाव आणि गोळाफेक यांवर वर्षांच्या तयारीचा निकाल लागतो. या उमेदवारांना कोणी उच्चस्तरीय खेळाडू म्हणत नाही आणि त्यांच्यापाशी ना मानसतज्ज्ञ असतो ना फिजिओ. पण गोळा सोडताना खांदा आवळला जाण्याची यंत्रणा त्यांच्याही शरीरात तीच आहे. ऑलिम्पिकविषयी बोलताना या विषयाला जी प्रतिष्ठा मिळते, ती तालुक्याच्या मैदानावर पोहोचत नाही, आणि गरज तिथे कमी नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अनुभवाचा आहे: दडपण आले की काही खेळाडू फुलतात, मग ताण वाईट कसा? हे खरेच आहे, आणि त्यासाठी १९०८ च्या यर्क्स आणि डॉडसन यांच्या नियमाचा दाखला नेहमी दिला जातो. ताण वाढतो तसा खेळ सुधारतो, एका टोकानंतर घसरतो, असा तो उलट्या कमानीचा आलेख. मूळ प्रयोग मात्र उंदरांवरचा होता, विजेचे झटके देऊन त्यांना दोन पेट्यांमधला फरक शिकवण्याचा. खेळाच्या मैदानाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. त्यातला टिकाऊ भाग असा, की काम जितके नाजूक तितका सोसवणारा ताण कमी. निव्वळ जोर लावायचा असेल तर उत्तेजना मदत करते. १९६१ मध्ये इकाई आणि स्टाइनहाउस यांनी दाखवले होते की अचानक झाडलेल्या पिस्तुलाच्या आवाजाने किंवा स्वतःच्या आरोळीने माणूस एरवीपेक्षा अधिक बळ लावू शकतो. स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये २०२४ ला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवले, त्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलीमीटर असतो. तिथे आरोळी कामाची नाही. शिवाय सगळा ताण एकाच जातीचा नसतो. समोरचे काम आपल्या आवाक्यातले आव्हान वाटले तर हृदय जोराने रक्त ढकलते आणि रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. तेच संकट वाटले तर हृदय धडधडते, पण वाहिन्या आवळलेल्या राहतात. फुलणारे आणि कोमेजणारे खेळाडू यांतला फरकही शेवटी शरीरातच सापडतो, म्हणून हा आक्षेप युक्तिवादाला छेद देत नाही, त्याला अधिक नेमके करतो.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. निकालावरून ताण ओळखणे ही पश्चातबुद्धी नव्हे का? २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनमध्ये दक्षिण आफ्रिकेला टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, सहा गडी हाताशी होते, आणि ते ७ धावांनी हरले. ‘चोकर्स’ हे जुने बिरूद लगेच बाहेर निघाले. पण त्या शेवटच्या षटकांत बुमराने टाकलेले चेंडू आणि सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला झेल हे प्रतिस्पर्ध्याचे कौशल्य होते. धावफलकावरून त्यातला ताणाचा वाटा वेगळा काढता येत नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच निकालाऐवजी हालचालीकडे पाहा असे म्हणतो. नजर किती वेळ टिकली, फटक्यापूर्वीची तयारी किती आखडली, सांध्याचा कोन किती बदलला हे प्रश्न विजेत्यालाही विचारता येतात. जिंकलेल्या सामन्यातही ताणाने बिघडलेल्या हालचाली असतात, फक्त त्या कोणी शोधत नाही. प्रयोगशाळेतले दडपण मैदानापेक्षा सौम्य असते ही तक्रारही रास्त आहे. परंतु चढाईची भिंत, फ्री थ्रो आणि खऱ्या स्पर्धांतल्या पेनल्टी अशा वेगवेगळ्या वाटांनी पुरावा एकाच दिशेला जातो तेव्हा, एकेका प्रयोगाची उणीव सगळा निष्कर्ष बुडवू शकत नाही.

तिसरा आक्षेप चारित्र्याचा आहे आणि तो आपल्याकडे सर्वांत खोल रुजला आहे: खरा खेळाडू दबत नाही. याला सर्वांत चांगले उत्तर माकडांनी दिले आहे. पिट्सबर्ग आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधकांनी माकडांना पडद्यावरच्या लक्ष्यापर्यंत चटकन आणि अचूक पोहोचण्याचे काम दिले. बक्षीस वाढत गेले तशी कामगिरी सुधारत गेली, आणि क्वचित मिळणारे प्रचंड बक्षीस जाहीर होताच ती घसरली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माकडे अतिसावध होऊन लक्ष्याच्या अलीकडेच थांबत होती. २०२४ च्या पुढच्या अभ्यासात हालचालीची पूर्वतयारी करणारे मेंदूतले संकेतच अशा वेळी विस्कटलेले आढळले. माकडाला ना देशाची लाज राखायची असते ना वर्तमानपत्राची भीती. जे त्याच्यातही घडते त्याला चारित्र्यदोष म्हणता येत नाही.

मग हे खेळाडूंचे लाड करणे आहे का? या युक्तिवादातून निघणारा कार्यक्रम लाडाच्या बरोबर उलट आहे. ताण हालचालीत असेल तर हालचालीप्रमाणे त्याचाही सराव करावा लागतो. आऊडेयान्स आणि पायपर्स यांनी चढाईच्या भिंतीवर उंच उभे करून लोकांकडून डार्ट फेकवून घेतले. सौम्य भीतीत सराव केलेल्यांचा नेम पुढे अधिक भीतीतही टिकला, आरामात सराव केलेल्यांचा ढासळला. अथेन्समध्ये अंतिम फेरीत सातवा आलेला नेमबाज अभिनव बिंद्रा चार वर्षांनी बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकला. त्या तयारीत शरीराच्या आणि मेंदूच्या संकेतांवर आधारित प्रशिक्षण होते, आणि भीतीशी ओळख व्हावी म्हणून जर्मनीत उंच खांबावर चढणेही होते. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून आले आणि योगाच्या आधारे त्यांनी नेमबाजांना श्वास, नजर आणि एकाग्रता यांचे धडे दिले. त्या कामात उपदेशापेक्षा अभ्यासाचा वाटा मोठा होता. लांब पल्ल्याच्या ताणाबाबतही पुरावा आहे. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन नौकानयनपटूंना ताण हाताळण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले, तेव्हा दुखापत आणि आजारपणात वाया जाणारे दिवस घटले. हा अभ्यास २००३ चा आहे.

या प्रस्तावनेची मर्यादाही सांगायला हवी. नैराश्य, व्यसन, छळ हे प्रश्न ताणाशी जोडलेले असले तरी ते वैद्यकाचे आणि न्यायाचे विषय आहेत. सरावाने ते सुटत नाहीत, आणि त्यांना सरावाचा मुलामा देणे धोक्याचे आहे. प्रत्येक अपयशाला ताण कारणीभूत असतो असेही नाही. कधी तंत्र कच्चे असते, कधी समोरचा सरस असतो. पण ही छाननी करायची तर ताणाची नोंद आधी हवी. आज बहुतेक प्रशिक्षकांच्या वहीत किलोमीटर, सेट, वजन आणि वेळ यांना रकाने आहेत. त्यांच्या शेजारी झोप किती झाली, परीक्षा किंवा निवड चाचणी कधी आहे, दडपणाखाली कोणता सांधा आधी आवळतो आणि त्या आठवड्यात एकदा तरी दडपणाचा सराव झाला का, असे चार रकाने वाढवायला पैसा लागत नाही, यंत्रही लागत नाही. ते रकाने भरले जाऊ लागले, तर खेळाडू ऐनवेळी चुकल्यावर त्याच्या मनाविषयी निवाडा देण्याआधी प्रशिक्षकाला स्वतःची वही उघडावी लागेल. जबाबदारीचा काही भाग खेळाडूच्या छातीवरून उचलून सरावाच्या पद्धतीवर ठेवला जाईल, आणि तिथे तो निदान सुधारता तरी येईल.